अठराव्या रांगेतला धूर

डहाणूच्या पुढे विमान जरा कललं, तसं खंडेरावांनी खिडकीच्या काचेला कपाळ टेकवलं आणि बायकोला कोपरानं ढोसलं.

"बघ की. ते तारापूरचं धुराडं. म्हंजी त्याच्या अलीकडं आमची एमआयडीसी. आन् सरावली त्या झाडीमागं."

"तुमीच बघा," रंभाबाई डोळे न उघडता म्हणाल्या. डेहराडूनहून विमान उडालं तेव्हा त्यांनी पुढच्या खुर्चीची पाठ धरली होती, ती अजून सोडली नव्हती.

खंडेरावांना स्वस्थ बसवत नव्हतं. पट्टा सैल कर, घट्ट कर, खिडकीची झडप वर कर, खाली कर, असं त्यांचं सारखं चाललं होतं. विमानात पाय ठेवताच त्यांनी मुलीला विचारलं होतं, "दार कुठलं गं जवळचं? पुढचं का मागचं?"

मुलगी म्हणजे ज्ञानेश्वरी. त्याच विमानात ती एअर होस्टेस होती. आईवडिलांना हरिद्वार दाखवायचं तिच्या फार मनात होतं. जाताना दोघं रेल्वेनं गेली. येताना मात्र तिनं हट्टानं आपल्याच फ्लाइटची तिकिटं काढली. "मी असते ना आत, पप्पा. घाबरायचं काय त्यात?"

घाबरायला कारण होतं. ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणूनच त्याविषयी कुणी बोलत नसे. जालन्याकडून पोटासाठी बोईसरला आलेले खंडेराव पूर्वी एका रंगाच्या कारखान्यात होते. ज्ञानेश्वरी शाळेत असताना तिथं आग लागली. खंडेराव धुरातून भिंत चाचपत दारापर्यंत पोचले आणि वाचले. त्यांच्याच गावचा रामकिसन, रोज त्यांच्या सायकलवर डबलसीट बसून कामाला येणारा, वाचला नाही. पुढे खंडेराव दुसऱ्या कंपनीत पॅकिंगला लागले, पण शेजारी कुणी पाचोळा पेटवला तरी ते उठून गल्लीच्या टोकाशी जाऊन उभे राहत. हाक मारली तरी येत नसत.

विमान उतरायला लागल्याची घोषणा झाली. ज्ञानेश्वरी प्रवाशांचे पट्टे बघत मागून पुढे येत होती. विसाव्या रांगेशी आली तेव्हा खंडेरावांनी खिडकीकडून वाकून तिचा हात धरला.

"ज्ञानू, वास येतोय."

"कसला?"

"जळका. पलास्टिकचा."

"आवो, खाली कारखाने आले नव्हं का?" रंभाबाई म्हणाल्या.

पण वास ज्ञानेश्वरीलाही आला होता. तिनं मान वर केली. दोन रांगा पुढे, डाव्या बाजूला, सामान ठेवायच्या कप्प्याच्या फटीतून पांढऱ्या धुराची बारीक रेघ बाहेर येत होती. ती पुढे झाली, कप्प्याच्या झाकणाला हाताची मागची बाजू लावली आणि झटकन काढून घेतली. झाकण तापलं होतं.

"इथले सगळे उठा. पुढे जा, पुढे. सामान राहू द्या."

अठराव्या रांगेतला एक जाडसर मुलगा उभा राहिला आणि त्याचा चेहरा पडला. "मॅडम, मेरे बैग में पावर बैंक है।"

ती मागे धावली. मागच्या बाजूला तिच्याबरोबर ड्यूटीवर रूपेश होता. तिनं भिंतीवरचं आग विझवायचं नळकांडं ओढून काढलं, धुरात घालायचा हूड डोक्यावरून चढवला आणि म्हणाली, "अठरा, डावा कप्पा. बॅटरी आहे. कॅप्टनला सांग." रूपेशनं फोन उचललाच होता.

हूड घातला की स्वतःचाच श्वास कानात घुमतो, बाहेरचं सगळं लांबून ऐकल्यासारखं येतं. ज्ञानेश्वरीनं कप्पा चार बोटं उघडला. आतून काळा धूर भसकन बाहेर आला आणि त्यामागून एक पिवळी जीभ. कुणीतरी ओरडलं, "आग! आग!" आणि त्या एका शब्दासरशी आख्खं विमान हललं.

तिनं नळकांडं उचललं तेवढ्यात मागून जोराचा धक्का बसला. ती गुडघ्यावर आपटली. मनगट खुर्चीच्या दांड्यात आणि नळकांड्यात चेंगरलं. हूडच्या काचेतून तिला दिसली ती एक पाठ. तपकिरी शर्ट. तो शर्ट तिनंच घेतला होता.

खंडेराव रंभाबाईंना ओलांडून, कडेला बसलेल्या माणसाच्या मांडीवर पाय देऊन वाटेवर आले आणि आधी पुढच्या दाराकडे धावले होते. समोर आग, म्हणजे तिकडून वाट नाही, एवढंच त्यांना कळलं असावं. वळताना वाटेत जे आलं ते त्यांनी ढकललं. आता ते मागच्या दाराला लोंबकळले होते आणि ते दार ओढत होते. विमान इतकं वर असताना हवेच्या दाबानं ते दार कुणाच्या बापाला उघडत नाही. पण ते त्यांना कुठं माहीत होतं, आणि त्यांच्या मागोमाग उठलेल्या लोकांना तरी कुठं माहीत होतं? मागची सगळी जागा माणसांनी भरून गेली. रूपेश दोन्ही हातांनी खंडेरावांना धरून ओरडत होता, "काका, सोडा! काका!"

ज्ञानेश्वरीनं मागे पाहिलं. मग वर पाहिलं.

पुढे तिला त्या क्षणाबद्दल अनेकांनी विचारलं. काय ठरवलंत, कसं ठरवलंत? तिनं काही ठरवलं नव्हतं. हातात नळकांडं होतं आणि आग समोर होती. तिनं चांगल्या हातानं ते कप्प्याच्या फटीत घातलं आणि दाबलं.

ज्वाळा बसली. तिनं झाकण बंद केलं, थांबली, पुन्हा उघडलं. आत बॅगेचा काळा गोळा झाला होता. तेवढ्यात त्यातून कढईत पाणी पडावं तसा चर्र आवाज आला आणि बॅटरीचा दुसरा भाग फुटून पुन्हा जाळ झाला. अशा बॅटरीचं हेच वाईट. वरची आग विझते, पण आतली धग पाण्याशिवाय मरत नाही.

"रूपेश! पाणी!"

रूपेशचे हात गुंतले होते. पाण्याच्या बाटल्यांची ट्रॉली त्या गर्दीच्या पलीकडे होती.

"तुमच्याजवळच्या बाटल्या द्या! पानी की बोतल दीजिए, जल्दी!" ती ओरडली. हूडमधून आवाज बोबडा येत होता. आधी कुणालाच कळलं नाही. मग सतराव्या रांगेतल्या एका म्हातारीनं आपली स्टीलची बाटली वर धरली. तिच्या मागून एक, मग चार. हातोहात बाटल्या येऊ लागल्या. पुढच्या बाजूनं समिधा आली. ती त्या फ्लाइटची मुख्य होती. दुसरं नळकांडं तिच्या काखेत होतं, आणि येताना ती प्रत्येक रांगेला सांगत होती, "खाली वाका. नाक रुमालानं झाका. खालची हवा चांगली आहे, खाली वाका." घाईची एकही खूण तिच्या आवाजात नव्हती.

मागे काय झालं ते ज्ञानेश्वरीनं पाहिलं नाही, नंतर रूपेशकडून ऐकलं. रंभाबाईंनी अखेर डोळे उघडले होते. दोन तरण्याताठ्या पोरांना बाजूला सारत त्या दारापाशी पोचल्या.

"सोड त्यांना, पोरा. तू पाणी ने."

त्यांनी मागून नवऱ्याच्या कमरेला दोन्ही हातांचा विळखा घातला आणि सरळ खाली बसल्या. ओढलं नाही, समजावलं नाही. आपलं सगळं वजन खाली सोडलं. त्यांच्याबरोबर खंडेरावही खाली आले.

"बसा. ज्ञानू विझवतीया. आपली ज्ञानू हाय तिथं. बसा म्हन्ते ना."

बाप बसला तशी मागची गर्दीही ढिली झाली. रूपेशनं ट्रॉली खेचून काढली. पाणी, सोडा, बर्फाचं वितळलेलं पाणी, जे हाताला लागेल ते त्यांनी त्या कप्प्यात ओतलं. चर्र आवाज थांबला तरी ओतत राहिले. खाली अठराव्या रांगेच्या खुर्च्या काळ्या पाण्यानं भिजल्या होत्या. खंडेराव आणि रंभाबाईंना शेवटच्या रांगेत बसवून पट्टे लावले. कॅप्टननं सांगितलं, सरळ उतरतोय. ज्ञानेश्वरी ओली बाटली हातात धरून कप्प्याकडे बघत राहिली, अगदी बसायची सक्ती होईपर्यंत.

चाकं टेकली. दोन्ही बाजूंनी आगीचे बंब धावत होते. जिने लागले, माणसं खोकत उतरली. त्या म्हातारीला आणि एका लहान मुलीला दवाखान्यात नेलं, संध्याकाळी दोघी घरी गेल्या. कुणाला इजा नाही, असं सगळीकडे सांगितलं गेलं. ज्ञानेश्वरी दाराशी उभी होती. रंभाबाईंनी जाता जाता तिच्या गालाला हात लावला. खंडेराव पायऱ्यांकडे बघत तिच्या शेजारून उतरून गेले.

त्याच संध्याकाळी चौकशीत तिला विचारलं, दाराशी गेलेला प्रवासी कोण? ती म्हणाली, "माझे वडील." विचारणारे साहेब लिहिता लिहिता थांबले. "आणि मनगटाला लागलं, तेही त्यांच्याच धक्क्यानं?" "तेही." मनगटाच्या हाडाला चीर गेली होती. हाताला प्लास्टर आणि काही आठवड्यांची रजा घेऊन ती सरावलीला घरी आली.

गल्लीतल्या बायकांनी ओवाळलं. कुणी पेढे आणले, कुणी मुलांना घेऊन फोटो काढायला आलं. खंडेराव त्या गर्दीत नसत. ते सकाळी कंपनीत जात, शिफ्ट सुटल्यावर सायकल घेऊन कुठंतरी फिरत आणि जेवायच्या वेळेला येत. जेवताना ताटावरून दोनदा उठत. एकदा पाणी प्यायला, एकदा उगाच. मुलीच्या प्लास्टरकडे त्यांची नजर जाई आणि भाजल्यासारखी परत येई. हात कसा आहे, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही.

मग तो व्हिडिओ आला. विमानातल्याच कुणीतरी काढलेला. त्यात धूर होता, हूड घातलेली मुलगी होती आणि तिला आडवी पाडून पळणारा तपकिरी शर्टातला माणूस होता. लोकांनी मुलीला डोक्यावर घेतलं आणि त्या माणसाला पायाखाली. बांगड्या भरा याला. याला परत वर नेऊन तिथून सोडा. हा कुणाचा तरी बाप असेल, लाज वाटत असेल पोरांना. ज्ञानेश्वरीनं हे शेवटचं वाक्य वाचलं आणि फोन उशीखाली ढकलला.

कंपनीत बबलूनं ओळखलं. बबलू बनारसकडचा, खंडेरावांच्या शेजारच्या टेबलावर पॅकिंग करणारा. डब्याच्या सुट्टीत त्यानं हळूच विचारलं, "खंडूभाई, ये आप हो क्या?"

"नहीं," खंडेराव म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ते कामाला गेले नाहीत. सायकल मात्र रोज निघे.

त्याच आठवड्यात पालघरच्या एका वृत्तवाहिनीची बातमीदार घरी आली. हेतल तिचं नाव. बरोबर कॅमेरावाला. पुढच्या खोलीत ज्ञानेश्वरीला खुर्चीवर बसवलं, मागे देवाची तसबीर येईल अशी. रंभाबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभ्या होत्या. खंडेराव मागच्या खोलीत पलंगावर बसले होते, आणि मधला पडदा पंख्याच्या वाऱ्यानं सारखा हलत होता.

हेतलनं सगळं नीट विचारलं. मग म्हणाली, "आणि तो जो माणूस तुम्हाला ढकलून पळाला, त्याला तुम्ही काय सांगाल?"

ज्ञानेश्वरीनं पडद्याकडे पाहिलं. वडिलांनी तोंडानं काही बजावलं नव्हतं, पण ते पडद्यामागे बसले होते, हेच बजावणं होतं. "धुरात माणूस दाराकडे पळतो," ती म्हणाली. "त्यात चुकीचं असं... म्हणजे, आम्हाला शिकवलेलं असतं. त्यांना नसतं."

"पण तुम्ही जखमी झालात. राग येत नाही?"

"त्यांचं नाव खंडेराव," रंभाबाई म्हणाल्या.

कॅमेरा वळला. रंभाबाईंनी पदर सारखा केला, पण मागे सरल्या नाहीत.

"माझे मालक हायेत ते. हिचे वडील. तुमच्या मोबाईलमधी पळत्यात ते. कारखान्याच्या आगीतून एकदा जित्ते निघालेत, तवापासून ह्यांनी चुलीम्होरं बसून भाकर खाल्ली न्हाई. पोरगी शिकावी म्हून त्याच एमआयडीसीत रोज गेले. धुराड्याखालून गेले. आन् तुमी म्हन्ता पळपुटा! लावा हे तुमच्या टीव्हीवर."

मागचं दार आपटल्याचा आवाज आला. ज्ञानेश्वरी उठून आत गेली तेव्हा पलंग रिकामा होता आणि सायकलही नव्हती.

"काय केलंस हे, आई?"

"जे कुनी करीत नव्हतं ते," रंभाबाई म्हणाल्या. "जा. बघ कुठं गेलेत."

एका हातानं स्कूटी चालवता येत नव्हती, म्हणून तिनं रिक्षा केली. बोईसरचा बाजार बघितला, कंपनीचं गेट बघितलं. बबलू गेटवर भेटला. त्यानं सांगितलं की खंडूभाई हल्ली शिरगावला जाऊन बसतात, किल्ल्याच्या पलीकडे, समुद्रावर. त्याला कसं माहीत? "मैं एक दिन पीछे गया था," बबलू खाली बघत म्हणाला. "डर लगा था।"

खंडेराव वाळूत सायकल आडवी टाकून तिच्या शेजारी उभे होते. बसलेले नव्हते. चार पावलं जात, वळत, चार पावलं येत. मुलगी दिसल्यावर थांबले.

"तुझ्या आईनं गावभर केलं."

"हो."

"आता गेटवर तोंड कसं दावू?"

ज्ञानेश्वरी सायकलीशेजारी वाळूत बसली. ओहोटी होती. पाणी लांब गेलं होतं आणि वारा नुसता कानात भरत होता. बऱ्याच वेळानं खंडेराव तिच्या समोर उकिडवे बसले आणि पहिल्यांदा त्यांनी प्लास्टरला हात लावला. दोन बोटांनी, वरच्यावर.

"दुखतंय का लई?"

"रात्री दुखतं. आता कमी आहे."

"मला तू दिसलीच न्हाईस, ज्ञानू. ती टोपी व्हती तुझ्या डोक्यावर. पर ते बी खोटं. टोपी नसती तरी दिसली नसतीस. मला काईच दिसत नव्हतं. फकस्त दार दिसत व्हतं." त्यांनी प्लास्टरवरची बोटं उचलली. "आपल्या पोरीला पाडून जातो का कुनी?"

"मी पण तुमच्याकडे आले नाही, पप्पा. तुम्ही दार ओढत होता, मला दिसत होतं. मी आगीकडे वळले."

खंडेरावांनी वर पाहिलं. "ते बरोबर केलंस."

"मला अजून बरोबर वाटत नाही. हात कापत होते माझे. नळकांड्याची पिन निघत नव्हती."

"तुझे बी?"

"सगळ्यांचे कापतात. आम्हाला दरवर्षी खऱ्या धुराच्या खोलीत कोंडून शिकवतात. पहिल्या वेळी मीही दाराकडे पळाले होते. बाहेर येऊन ओकले."

हे त्यांना नवीन होतं. ते थोडा वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिले, जणू ही पोरगी कुणाची आहे ते नव्यानं बघत होते. मग म्हणाले, "मला शिकव."

"काय?"

"तेच. धूर झाला की काय करायचं. मला कुनी शिकवलंच न्हाई. कंपनीत बी एक कागद चिकटवला व्हता, बास."

दुसऱ्या दिवशी दुपारी पुढच्या खोलीत ज्ञानेश्वरीनं सतरंजी गुंडाळली, दोन खुर्च्या मागेपुढे ठेवल्या आणि वडिलांना मागच्या खुर्चीत बसवलं. रंभाबाईंनी तव्यावर कागदाचा बोळा पेटवून विझवला आणि तवा खोलीत आणला. धूर कसला, नुसती वळवळ. पण खंडेरावांचा चेहरा पांढरा पडला आणि ते उठले. दाराशी गेले, कडीवर हात ठेवला, तिथंच उभे राहिले.

"खाली वाका!" ज्ञानेश्वरी ओरडली. घरात तिनं हा आवाज कधी काढला नव्हता. "नाक झाका! बसा!"

ते परत आले. पुन्हा बसले. पुन्हा उठले. तिसऱ्यांदा उठले ते अर्धेच, खुर्चीचे हात धरून. कपाळावर घाम आला होता.

"पुरे झालं आज," रंभाबाई म्हणाल्या.

"तू तवा आन," खंडेराव म्हणाले.

हेतलनं रंभाबाईंचं बोलणं थोडंसं दाखवलं. काहींनी माफ्या लिहिल्या, काहींनी शिव्या तशाच चालू ठेवल्या, आणि दोन दिवसांनी लोकांना दुसरा कुणीतरी सापडला. विमान कंपनीनं खंडेरावांना समज देणारं पत्र पाठवलं आणि प्रकरण मिटवलं. सोमवारी ते कामावर गेले. गेटवर दोघातिघांनी वळून पाहिलं. बबलूनं शेजारचं टेबल पुसून ठेवलं होतं. डबा दोघांनी एकत्र खाल्ला.

ज्ञानेश्वरीचं प्लास्टर निघालं. ती पुन्हा कामावर गेली त्या सकाळी खंडेराव गल्लीच्या टोकापर्यंत तिची बॅग ओढत आले, "पोचल्यावर फोन कर" म्हणाले, आणि ती रिक्षात बसून दिसेनाशी झाली तरी तिथंच येरझाऱ्या घालत राहिले. तिचा फोन आल्यावरच घरी गेले.

रंभाबाईंची धाकटी बहीण हंसा नागपूरला असते. तिच्या घरी पुढच्या महिन्यात लग्न आहे. रंभाबाई म्हणतात, विमानानं जाऊ, मी आता डोळे उघडे ठेवून बसते. खंडेराव म्हणतात, रेल्वे काय वाईट हाय? मग थोड्या वेळानं म्हणतात, बघू. दुपारच्या चहाला ते विषय काढतात, अर्धा कप ठेवून उठतात, अंगणात जाऊन येतात आणि पुन्हा तोच विषय काढतात. तिकिटं अजून काढलेली नाहीत.